धर्माच्या बातमीसाठी माणूस पाठवा, पण तयारीनिशी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्यासाठी कुणाला पाठवायचे, याचा विचार बहुतेक दैनिकांत ऐनवेळी होतो आणि नाव ठरते ते गुन्हेवार्ता किंवा महापालिका पाहणाऱ्या वार्ताहराचे. तो कष्टाळू असतो. बंदोबस्त आणि निविदा त्याला पाठ असतात. पण साधूंचा आखाडा म्हणजे काय, हे त्याला तिथे गेल्यावर कुणीतरी सांगते आणि जो सांगतो त्याचीच बाजू दुसऱ्या दिवशी छापून येते. आमची विनंती अशी की आपल्या दैनिकाने धर्म हा विषय एका माणसाकडे कायमचा सोपवावा आणि त्याला वर्षातून एकदा धर्मवार्ताहरांच्या परिषदेला धाडावे. नुसते तिकीट काढून देण्याने मात्र काही हाती लागत नाही. काय करावे लागते आणि कुठे घोटाळा होतो, ते पुढे लिहिले आहे. पत्र लांबले आहे, तरी शक्यतो काटछाट न करता छापावे.

अमेरिकेत ‘रिलिजन न्यूज असोसिएशन’ ही संघटना १९४९ पासून आहे. कुठल्याही पंथाच्या मालकीच्या नसलेल्या वृत्तपत्रांत धर्म हा विषय सांभाळणाऱ्या वार्ताहरांची ती संघटना. २०१६ पर्यंत तिचे नाव ‘रिलिजन न्यूजरायटर्स असोसिएशन’ होते, म्हणून जुन्या लिखाणात ते नाव सापडते. ‘रिलिजन न्यूज सर्व्हिस’ ही १९३४ पासूनची वृत्तसंस्था २०११ मध्ये याच संघटनेच्या न्यासाकडे आली. संघटनेची वार्षिक परिषद साधारण तीन दिवसांची असते, कधी सप्टेंबरात तर कधी एप्रिलमध्ये, आणि दर वर्षी गाव बदलते. २०१७ मध्ये ती नॅशव्हिलला झाली, २०१८ मध्ये कोलंबसला. परिषदेतच वर्षभरातल्या उत्तम बातम्यांना पारितोषिके दिली जातात.

दुसऱ्या जमावांशी हिची गल्लत होते, म्हणून सांगायला हवे. ‘शिकागोची धर्मपरिषद’ म्हटले की आपल्याला १८९३ आणि विवेकानंद आठवतात. ती परंपरा १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाली, २०२३ मध्ये परत शिकागोलाच भरली. पण तो धर्माच्या माणसांचा मेळावा आहे. नोव्हेंबरात भरणारे ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन’चे अधिवेशन हे प्राध्यापकांचे. १९२९ मध्ये सुरू झालेली ‘रिलिजन कम्युनिकेटर्स कौन्सिल’ ही धर्मसंस्थांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांची. वार्ताहराला या तिन्ही ठिकाणी ओळखी मिळतील, पण काम शिकायला मिळते ते बातमी लिहिणाऱ्यांच्याच परिषदेत. तिथे हजारोंची गर्दी नसते. एखाद्या चांगल्या बातमीदाराला गाठून तासभर बसता येते, ही तिची खरी मिळकत.

व्हिसाचा मुद्दा आधी, कारण इथे पत्रकार नकळत नियम मोडतात. परिषदेला केवळ सहभागी म्हणून जायचे असेल तर अमेरिकेचा पाहुण्यांचा व्हिसा, म्हणजे बी वर्गाचा, चालतो. मात्र अट अशी आहे की त्या परिषदेविषयी तिथून किंवा परत आल्यावर काहीही वार्तांकन करायचे नाही. बातमी किंवा लेख लिहायचा असेल तर प्रसारमाध्यमांसाठीचा आय व्हिसा लागतो आणि त्याला संपादकाचे पत्र, नेमणुकीचा पुरावा जोडावा लागतो. आपल्याकडे नेमके उलटे होते: वार्ताहर बी व्हिसावर जातो, परत येतो आणि रविवारच्या पुरवणीत ‘परिषदेच्या निमित्ताने’ अर्धे पान लिहितो. पुढच्या वेळी मुलाखतीच्या खिडकीत हा लेख अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे तो लिहिणार की शिकायला जाणार, हे कार्यालयाने अर्ज भरण्याआधी ठरवावे. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन्महिने लागतात, म्हणून परिषदेचे गाव आणि तारीख जाहीर होताच डीएस-१६० अर्ज भरून मुंबईच्या वकिलातीची वेळ घ्यावी.

जाण्याआधीचे काम तीन-चार आठवड्यांचे आहे. कार्यक्रमपत्रिका आली की प्रत्येक वक्त्याच्या दोन-दोन बातम्या मुळातून वाचाव्यात आणि बातमीतला एखादा आकडा, एखादे कागदपत्र निवडून त्यासमोर ‘हे कुठून मिळवले?’ असा प्रश्न लिहून ठेवावा. परिषदेत विचारण्याजोगा याहून चांगला प्रश्न नाही. ‘भारतातील परिस्थितीविषयी आपले मत काय?’ असले प्रश्न विचारणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा भेटत नाही. आपल्या तीन अर्धवट बातम्यांची इंग्रजीत अर्ध्या पानाची टाचणेही बरोबर न्यावीत. समोरच्याला आपली अडचण पाच मिनिटांत समजली तर तोही आपल्या चुका उघडपणे सांगतो.

तिथल्या ज्या कामांतून सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे, ती कागदपत्रांची कामे आहेत. बॉस्टनच्या ‘ग्लोब’ने २००२ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि धर्मप्रांताने घातलेले पांघरूण उघड केले, त्याला पुढच्या वर्षी लोकसेवेचे पुलित्झर मिळाले. शोधपथकाबरोबर त्यात धर्म हा विषय पाहणारा वार्ताहरही होता, आणि बातमी उभी राहिली ती न्यायालयातल्या कागदांवर. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘सॅन अँटोनियो एक्सप्रेस-न्यूज’ यांनी २०१९ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट चर्चमधल्या अत्याचारांची मालिका छापली. वीस वर्षांतले साधारण ३८० आरोपी आणि ७०० हून अधिक पीडित, एवढा तक्ता त्यांनी न्यायालयीन नोंदींमधून एकेक ओळ करत जमवला. बॅप्टिस्टांत प्रत्येक चर्च स्वायत्त असते. वरून नेमणुका करणारा बिशप नाही, त्यामुळे एका गावातून काढलेला माणूस दुसऱ्या गावी पुन्हा पाळक म्हणून उभा राहू शकतो. कॅथलिक प्रकरणात वार्ताहर धर्मप्रांताच्या फायली मागत होते. इथे तशी एकत्र फाईलच नव्हती, म्हणून वार्ताहरांनाच ती तयार करावी लागली. धर्मसंस्थेची रचना आधी समजली तरच कुठला कागद कुठे असेल हे कळते. आमच्या मते परिषदेतून आणण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आणि इथेच मराठी वार्ताहराची बाजू अमेरिकन वार्ताहरापेक्षा भक्कम आहे. अमेरिकेत बाकीच्या धर्मादाय संस्थांना दर वर्षी ‘फॉर्म ९९०’ भरून हिशेब खुला करावा लागतो, पण चर्चना त्यातून सूट आहे. म्हणून तिथला वार्ताहर जमिनीच्या नोंदी आणि न्यायालये धुंडाळतो. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येतच मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अगियारी ही सगळी आली आहेत. वक्फचा कारभार पुढे वेगळ्या कायद्याखाली वक्फ मंडळाकडे गेला. बाकीच्यांची नोंद धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ वर असते. त्यात विश्वस्त, मिळकती आणि कारभाराची पद्धत यांचा तपशील मिळतो. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज आणि त्यावरची हरकत मिळाली की मठातला वाद कधी आणि कुणामुळे सुरू झाला ते कळते. ताळेबंद अनुसूची ८ मध्ये, जमाखर्च अनुसूची ९ मध्ये. जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि त्या अर्जासोबत मूल्यांकनाचा अहवाल, आलेल्या निविदा जोडलेल्या असतात. ‘देवस्थानची जमीन कवडीमोलाने’ अशी बातमी लिहिण्याआधी हा अर्ज पाहिलाच पाहिजे. न पाहता लिहिलेली बातमी एका नोटिशीने मागे घ्यावी लागते.

फसगत होते ती मोठ्या देवस्थानांत. सिद्धिविनायकाचा कायदा १९८० चा, शिर्डीचा २००४ चा, पंढरपूरच्या मंदिरांचा १९७३ चा. यांना स्वतंत्र कायदे आहेत आणि ती शासनाच्या विधी व न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे नुसते धर्मादाय कार्यालयात जाऊन भागत नाही. पंढरपुरात बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले, पण शेवटचा न्यायालयीन निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०१४ मध्ये आला. मधली चाळीस वर्षे ज्यांनी नीट वाचली नाहीत, ते अजूनही ‘२०१४ मध्ये हक्क काढून घेतले’ असे लिहितात.

परिषदेत शब्दांवर खूप वेळ जातो आणि तो वाया जात नाही. संघटनेने धर्मविषयक शब्दांची शैलीपुस्तिका तयार केली आहे. २०१८ मध्ये ‘मॉर्मन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चच्या अध्यक्षांनी हे टोपणनाव नको, पूर्ण नाव वापरा असे सांगितले, आणि वृत्तसंस्थांना पुढच्या वर्षी आपले नियम बदलावे लागले. हा सौजन्याच्या पलीकडचा प्रश्न होता: याच परंपरेतून फुटलेले आणि बहुपत्नीत्व पाळणारे लहान पंथही वेगळे आहेत, आणि एकच नाव सगळ्यांना लावले की एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर जातो. शीखांच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतली. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी यांना गोळ्या घातल्या गेल्या, कारण मारेकऱ्याने पगडी पाहून त्यांना मुसलमान समजले. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात गोळीबार झाला तेव्हा शीख म्हणजे कोण, हे पहिल्या तासात बरोबर सांगणारा माणूस किती वृत्तकक्षांत होता, हा प्रश्न तिथल्या पत्रकारांना स्वतःला विचारावा लागला.

मराठीत अशी पुस्तिका आपण अजून केलेली नाही. तिची गरज रोजच्या अंकात दिसते. मोहरम ‘उत्साहात साजरा’ होत नाही. शिया समाजासाठी ते शोकाचे दिवस आहेत, तिथे ‘पाळला’ लिहावे. गुड फ्रायडेच्या शुभेच्छा देत नाहीत. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये ‘मिस्सा’ होते आणि ती अर्पण करणारे ‘फादर’ असतात. अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट मंडळीत ‘उपासना’ होते आणि ती चालवणारे ‘पाळक’. दोघांनाही ‘पाद्री’ म्हटले की दोघेही समजतात, या माणसाला काही ठाऊक नाही. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन असते. शेवटचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्याला ‘शवप्रदर्शन’ म्हणणे श्रद्धाळूंना बोचते आणि ‘पूजा’ म्हणणे कॅथलिक शिकवणुकीला धरून नाही. ‘अवशेषदर्शन’ हा साधा शब्द आहे. पतेती म्हणजे पारशी नववर्ष नव्हे. तो वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस, नवरोज दुसऱ्या दिवशी. ‘पतेतीच्या शुभेच्छा’ हा मथळा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. जैनांचे पर्युषण श्वेतांबरांचे आठ दिवसांचे. त्यानंतर दिगंबरांचे दशलक्षण पर्व दहा दिवस चालते. एका संघाच्या क्षमापनेने ‘पर्व संपले’ असे लिहून मोकळे होऊ नये. ‘नवबौद्ध’ हा सरकारी फॉर्ममधला शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आज लिहिते-वाचते आहे, त्यांना ‘बौद्ध’ म्हणावे.

तारखांचेही तसेच. मुस्लिम आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबाला शनिवारी सकाळी, त्यांच्या शब्बाथच्या विश्रांतीच्या वेळी, फोन करून प्रतिक्रिया मागणे बरोबर नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत बोलून घ्यावे. ईदच्या चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी, म्हणजे रमजानच्या २९ व्या दिवशी, पहिल्या पानाचे दोन मथळे जुळवून ठेवावेत आणि स्थानिक चांद कमिटीचा निर्णय दोन ठिकाणांहून पक्का केल्यावरच एक लावावा. अन्य देशांत ईद झाली म्हणून इथे उद्या ईद, हे गृहीत धरून छापलेला अंक सकाळी हातात धरवत नाही.

सिंहस्थापुरते सांगायचे तर साधूंचे आखाडे तेरा: सात शैव संन्याशांचे, तीन वैष्णव बैराग्यांचे, ज्यांना अनी म्हणतात (निर्मोही, निर्वाणी, दिगंबर), आणि तीन उदासीन-निर्मल. शैव आणि उदासीन-निर्मल असे दहा आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. नाशिकच्या रामकुंडावर वैष्णवांच्या तीन अनी. दोन्ही ठिकाणांत जवळपास तीस किलोमीटरचे अंतर आहे. ‘तेराही आखाड्यांनी रामकुंडात डुबकी घेतली’ हे वाक्य प्रयागराजच्या सवयीने लिहिले जाते आणि ते चूक आहे. एकच वार्ताहर एकाच पहाटे दोन्हीकडे असू शकत नाही. दोन माणसे लागतात, छायाचित्रकार वेगळे. ‘शाहीस्नान’ की ‘अमृतस्नान’, हेही दैनिकाने आधी ठरवून एकच ठेवावे. २०२५ च्या प्रयाग कुंभात सरकारने दुसरे नाव रूढ केले, पण जुने उद्धृत जसेच्या तसे राहू द्यावे.

आता गर्दीचा आकडा. या विषयावर आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण आकड्याची चूक बातमीतच राहत नाही, रस्त्यावर उतरते. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. मोजण्याची सोपी रीत बर्कलीत पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात बसवली. खिडकीतून दिसणाऱ्या चौकातल्या फरशीच्या चौकटींत किती विद्यार्थी उभे आहेत, हे मोजून त्यांनी दर काढला: विरळ गर्दीत एका माणसाला १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी चेपून उभे असतील तर अडीच. म्हणजे प्रथम जागेचे क्षेत्रफळ, मग घनता, मग भागाकार.

समजा ३०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद मैदान आहे. ६० हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६ लाख ४६ हजार चौरस फूट. विरळ गर्दी असेल तर साधारण ६५ हजार माणसे मावतील, दाट असेल तर १ लाख ४३ हजार, चेपून भरले तरी २ लाख ५८ हजार. याच मैदानावर आयोजक पाच लाख सांगत असतील तर माणशी सव्वा चौरस फूट येते. तेवढ्यात माणूस उभा राहू शकत नाही. ही आकडेमोड व्यासपीठाच्या मागे उभे राहून मोबाईलवर दोन मिनिटांत होते. लोक साधारणपणे व्यासपीठाजवळ दाट आणि कडेला विरळ असतात, म्हणून मैदानाचे तीन-चार पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळा दर लावावा. स्टॉल, मंडप, गाड्या यांची जागा आधी वजा करावी. बहुतेकांची चूक इथेच होते.

वाहत्या गर्दीला मात्र ही रीत चालत नाही. दिंडी, मिरवणूक, घाटाकडे जाणारी वाट यांच्यासाठी एका ठिकाणी उभे राहून मिनिटाला किती माणसे ओलांडतात ते मोजायचे. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे मोजावीत आणि सरासरी काढावी. वरची मर्यादा माहीत असावी: इंग्लंडमधल्या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीला मिनिटाला ८२ माणसे हा कमाल दर धरतात. चार मीटरची गल्ली असेल तर तासाला १९ हजार ७०० च्या आसपास, त्यापेक्षा जास्त नाही. त्या गल्लीतून ‘सकाळच्या तीन तासांत दोन लाख भाविक’ गेले, असे कुणी सांगितले तर ते घडलेले नाही; आणि तेवढे लोक खरोखर त्या तोंडाशी जमले असतील तर बातमी आकड्याची राहत नाही, धोक्याची होते. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गेले की माणसाच्या पायावर त्याचा ताबा राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हलू लागते. उतार, पायऱ्या, ओली फरशी आणि समोरून परतणारे लोक असतील तर त्याआधीच.

पंढरपुरातही हेच गणित लावता येते. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेतून मिनिटाला ३५ जण पुढे सरकत असतील तर २२ तासांत ४६ हजारांना दर्शन होते. बाकीच्यांचे मुखदर्शन, नामदेव पायरीचे दर्शन किंवा लांबून कळसदर्शन. ‘१५ लाख भाविकांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले’ या वाक्यात शहरात आलेले आणि गाभाऱ्यात पोहोचलेले एक केले जातात. कळस पाहून परतणाऱ्या वारकऱ्याला आपली वारी अपुरी वाटत नाही. त्याचे दर्शन त्याच्या शब्दांतच लिहिले तर बातमीही खरी होते आणि त्याचा मानही राहतो. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभाला उत्तर प्रदेश सरकारने ६६ कोटींहून अधिक आकडा जाहीर केला. अशा वेळी हे किती जण, की एकूण किती वेळा स्नान, हा प्रश्न आकड्याच्या ओळीतच असला पाहिजे.

पथ्यांविषयी थोडे. परिषदेतली काही जेवणे आणि चहापाने प्रायोजित असतात, आणि प्रायोजकांत धर्मसंस्था आणि प्रतिष्ठानेही असतात. वार्ताहराने कार्यक्रमपत्रिकेत कोणत्या सत्रापुढे कुणाचे नाव आहे ते पाहावे आणि त्या वक्त्याचे म्हणणे तसे तोलावे. आपल्याकडची अडचण जास्त घरगुती आहे: शाल-श्रीफळ, भेटपाकीट आणि व्हीआयपी दर्शनाचा पास. पासासाठी कार्यकारी अधिकाऱ्याला फोन करणारा वार्ताहर पुढच्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाचे आक्षेप विचारू शकत नाही. कार्यालयानेच एक ओळीचा नियम करावा: प्रसाद घ्या, बाकी काही नाही, आणि पास कुणासाठीही मागायचा नाही, संपादकांसाठीही नाही.

‘तुमचा धर्म कोणता?’ हा प्रश्न प्रत्येक दारात विचारला जातो. खरे आणि थोडक्यात उत्तर द्यावे आणि लगेच पुढचा प्रश्न विचारावा. टाळाटाळ केली की संशय वाढतो. गुरुद्वारात डोके झाकावे, मशिदीत नमाजींच्या समोरून जाऊ नये, अगियारीत पारशी नसलेल्याला प्रवेश नाही हे आधी माहीत असावे. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत जाऊ नये, जागेवर बसून राहावे. तो खाऊ नाही, संस्कार आहे.

परतल्यावर बहुतेक ठिकाणी काय होते, तर वार्ताहर सोमवारी पुन्हा महापालिकेच्या सभेला जातो आणि त्याची वही कपाटात पडते. हे टाळायला चार गोष्टी पुरतात. पहिल्या आठवड्यात त्याने शब्दसूचीचे एक पान उपसंपादकांना द्यावे. जोडलेले संपर्क स्वतःच्या मोबाईलमध्ये न ठेवता वृत्तकक्षाच्या यादीत घालावेत, प्रत्येकापुढे ‘कशासाठी उपयोगी’ हे लिहून. महिन्याभरात एक बातमी धर्मादाय कार्यालयातल्या कागदांवर उभी करावी, लहान असली तरी चालेल. आणि जिल्हा वार्ताहरांना एका दिवसासाठी बोलावून गर्दी मोजायला शिकवावे, प्रत्यक्ष रस्त्यावर, घड्याळ आणि टेप घेऊन.

प्रत्येक दैनिकाला अमेरिकेचा खर्च झेपणार नाही. म्हणून आमची दुसरी सूचना अशी की मराठी दैनिकांनी मिळून दोन दिवसांची अशीच बैठक नाशिकलाच घ्यावी. खर्च वाटून घ्यावा, कुठल्याही संस्थानाचा निवास किंवा भोजन घेऊ नये. पहिला अर्धा दिवस धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात परिशिष्ट १ आणि ताळेबंद वाचण्यात जावा. दुपारी तिन्ही अनींच्या आणि त्र्यंबकच्या आखाड्यांच्या माणसांना वेगवेगळे बसवून त्यांची रचना समजून घ्यावी. एकत्र बसवले तर वेळ आपसातल्या मानपानात जाईल. दुसऱ्या दिवशी पहाटे तपोवनातल्या साधुग्रामापासून रामकुंडापर्यंत सगळ्यांनी पायी चालावे आणि प्रत्येक वळणावर वाटेची रुंदी मीटरमध्ये मोजून नकाशावर लिहावी. तो नकाशा सगळ्या दैनिकांनी वाटून घ्यावा. २००३ ची चेंगराचेंगरी जिथे झाली, त्या सरदार चौकाच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांपासून सुरुवात करावी.

कळावे,

आपले,
धर्म व देवस्थान या विषयांवर काम केलेले काही निवृत्त वार्ताहर व उपसंपादक
नाशिक आणि पुणे